लगावली म्हणजे काय रे भाऊ? कवितेतले शब्द, पायरी पायरीने

कवितांच्या एका ग्रुपवर मी पहिल्यांदा कविता टाकली तेव्हा दोन मिनिटांत रिप्लाय आला, "भाव छान आहे पण तिसऱ्या ओळीत मात्रा घसरलीय आणि काफिया पण सांभाळा". मी नमस्काराचा इमोजी टाकला आणि गप्प बसले, कारण मात्रा कुठून कुठे घसरली ते मला अजिबात कळलं नव्हतं, आणि काफिया हे एखाद्या कापडाचं नाव असावं असं वाटलं. मग दुसऱ्या दिवसापासून मी व्याख्या पाठ करायला लागले, वृत्त म्हणजे काय, जाती म्हणजे काय, उत्प्रेक्षा म्हणजे काय, आणि महिन्याभरात सगळं विसरले.

नंतर उलट्या बाजूने शिकले तेव्हा जमलं. म्हणजे आधी ओळ मोठ्याने म्हणायची, कानाला काय वेगळं वाटतंय ते पकडायचं, आणि मग त्याला काय म्हणतात ते शोधायचं. खाली तोच क्रम आहे. कागद-पेन घ्या, कारण इथे बोटांवर मोजायचं काम भरपूर आहे. उदाहरणं मीच जुळवलीयत, थोर वगैरे नाहीत, पण मोजायला सोपी आहेत.

पायरी १: आधी म्हणा

कविता मनात वाचायची नाही, आवाज काढून वाचायची. जिथे आवाज आपोआप थांबतो तिथे एक तुकडा संपतो, त्याला चरण म्हणतात. बऱ्याचदा एक ओळ म्हणजे एक चरण असतो पण नेहमीच नाही, अभंगाच्या एका ओळीत दोन-दोन चरण छापलेले असतात. चरणांचा एक गट झाला की ते कडवं. जी ओळ प्रत्येक कडव्यानंतर परत येते ती ध्रुवपद किंवा धृपद, गाण्यात ज्याला आपण धुवाँधार टाळ्या देतो ती. आणि म्हणताना जो हेलकावा जाणवतो ना, ती लय. लय कवितेत असतेच, छंदात असो वा नसो, छंद म्हणजे ती लय मोजून बांधलेली. एवढंच आहे पहिल्या पायरीवर, पुढे चला.

पायरी २: अक्षरं मोजा

सगळ्यात सोपं मोजमाप अक्षरांचं. नियम असा की जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचं असलं तरी ते एकच अक्षर, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना वेगळं मोजायचं नाही. "स्वातंत्र्य" ही तीनच अक्षरं, स्वा-तं-त्र्य. फोनमधलं कॅरेक्टर काउंट वापरू नका हां, ते काना आणि वेलांटीसुद्धा वेगवेगळं मोजतं, मी पहिली अष्टाक्षरी तशीच मोजली होती आणि ग्रुपवर एका काकांनी शांतपणे "एकदा बोटांवर मोजून बघ बाळा" एवढंच लिहिलं.

ही बघा अष्टाक्षरी, म्हणजे दर ओळीत ८ अक्षरं:

वारा पानांत शिरला
झाड हसले गालात
एक पान ओघळले
माझ्या उघड्या हातात

वा-रा-पा-नां-त-शि-र-ला, झाली आठ. बाकीच्या तीन तुम्ही मोजा. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचा शेवट जुळतो, गालात आणि हातात, ते यमक, त्याच्याबद्दल पुढे येईनच.

ज्या रचनेत फक्त अक्षरांची संख्या बघतात, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नसते, तिला अक्षरछंद म्हणतात, काहीजण नुसतं छंद म्हणतात. आपल्याकडचे ओवी आणि अभंग हे दोन्ही यातलेच. अभंगाचे दोन मुख्य प्रकार आहेत. मोठ्या अभंगात चार चरण, ६-६-६-४ अक्षरांचे, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात:

शब्दांच्या दाराशी। उभी मी कधीची।
कडी अंतरीची। उघडेना॥

शेवटचा चरण चारच अक्षरांचा असल्यामुळे तो पटकन संपतो आणि म्हणताना जीव थोडा अडकल्यासारखा होतो, मोठ्या अभंगाची खरी मजा माझ्या मते त्या आखूड चरणातच आहे. यालाच साडेतीन चरणांचा अभंग म्हणतात. लहान अभंगात दोन चरण, ८-८ अक्षरांचे, शेवटी यमक.

ओवीत साधारणपणे पहिल्या तीन चरणांना यमक असतं आणि चौथा आखूड, मोकळा सोडलेला:

दिवा लाविला देहात
उजेड आला हातात
वाट दिसे काळोखात
पाउलाची

ग्रंथातली ओवी अक्षरांच्या बाबतीत याहून खूप सैल असते, ज्ञानेश्वरी (इ. स. १२९०) उघडून कुठल्याही पाच ओव्या मोजा, प्रत्येकीचा आकडा वेगळा येईल आणि तरी लय कुठेच तुटत नाही. त्यामुळे ओवी लिहिताना आकड्यापेक्षा कान जास्त कामाला येतो.

पायरी ३: मात्रा, म्हणजे लघु आणि गुरु

इथे बहुतेक लोक पळून जातात, पण ही पायरी नीट झाली की पुढचं अर्धं काम झालं म्हणून समजा, म्हणून इथे जरा जास्त वेळ काढू.

अक्षर म्हणायला लागणारा वेळ म्हणजे मात्रा. पटकन म्हणून होतं ते लघु, त्याची १ मात्रा. लांबवून म्हणावं लागतं ते गुरु, त्याच्या २. अ, इ, उ, ऋ असलेली अक्षरं लघु. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेली गुरु. अनुस्वार किंवा विसर्ग असला की ते अक्षर गुरु, "अंग" मधला अं गुरु, "दुःख" मधला दुः गुरु.

आता जोडाक्षर. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर जोर येत असेल तर ते आधीचं अक्षर गुरु होतं. "सत्य" म्हणून बघा, स वर आवाज आपटतो, सत्-य, म्हणून स गुरु आणि त्य लघु. पण "तुझ्या" म्हणा, "पुन्हा" म्हणा, तिथे आधीच्या तु वर किंवा पु वर काही आपटत नाही, म्हणून ते लघुच राहतात. नवख्यांच्या ऐंशी टक्के चुका इथे होतात असं मी म्हणणार होते पण मोजलं नाहीये, माझ्या तरी इथेच झाल्या. पुस्तकात नियम वाचून हे कळत नाही, शब्द मोठ्याने म्हणून बघितला तरच कळतं. आणि शब्दाच्या सुरुवातीलाच जोडाक्षर असेल, जसं "प्रकाश", तर त्या प्र चं स्वतःचं वजन जोडाक्षर असल्यामुळे वाढत नाही, प्र लघुच.

आता मोजू:

अंगणातली ओली माती
अजून आहे जपून नाती

पहिली ओळ: अं२ ग१ णा२ त१ ली२, झाल्या ८. ओ२ ली२ मा२ ती२, आणखी ८. एकूण १६. दुसरी: अ१ जू२ न१ आ२ हे२, आठ, आणि ज१ पू२ न१ ना२ ती२, आठ. परत १६. गंमत अशी की अक्षरं मोजली तर पहिल्या ओळीत ९ आहेत आणि दुसरीत १०, पण कानाला दोन्ही ओळी सारख्याच लांबीच्या वाटतात. वरची अष्टाक्षरी याच्या बरोबर उलट, तिथे अक्षरं सगळीकडे ८ पण मात्रा काढल्या तर १३, १२, १२, १३ येतात. हे दोन प्रकार एकमेकांत घालू नका. मात्रांची संख्या सारखी ठेवतात त्या रचनेला मात्रावृत्त किंवा जाती म्हणतात (माणसांच्या जातीशी याचा काही संबंध नाही, पहिल्यांदा मीही दचकले होते). ८-८ च्या दोन तुकड्यांच्या १६ मात्रांच्या या चालीला पादाकुलक म्हणतात, नाव भयंकर आहे पण चाल बडबडगीतांपासून कानावर पडलेली असते.

हे जमलं की एक जुनी ओळखीची जोडी मोजायला घ्या:

सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची
ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची

कोणाचं काय चांगलं ते दोन ओळींत सांगितलंय, वामन पंडितांचे श्लोक, तुकोबांचे अभंग, ज्ञानेश्वरांची ओवी, मोरोपंतांची आर्या. सु२ श्लो२ क१ वा२ म१ ना२ चा२, म्हणजे १२. पुढचा चरण मोजा, १८ येतील. तिसरा १२, चौथा परत १८. आता आर्येचा नियम असा की चौथ्या चरणात १५ मात्रा हव्यात, आणि १२-१८-१२-१८ असेल तर ती गीती. म्हणजे आर्येचं कौतुक करणाऱ्या या ओळी स्वतः गीती आहेत! मला हे स्वतः मोजून कळलं त्या रात्री मी उगाच दोन-तीन जणांना मेसेज केले होते, कोणी फार काही बोललं नाही. मराठीत दोघींनाही सर्रास आर्याच म्हणतात, त्यामुळे कोणाशी भांडायला जाऊ नका.

एक छोटी गोष्ट राहिली. मात्रा बसवायला कवी थोडी सूट घेतात, परी चं परि करतात, मला च्या ऐवजी मज, आणि च्या ऐवजी आणिक. दर ओळीत घेतली तर मात्र ते सूट राहत नाही, वाचणाऱ्याला लगेच कळतं की मात्रा कमी पडल्या म्हणून आणिक आलाय.

पायरी ४: लगावली आणि गण

मात्रावृत्तात एकूण बेरीज जुळली की काम झालं. अक्षरगणवृत्तात तेवढ्याने भागत नाही, प्रत्येक जागी लघु की गुरु तेही ठरलेलं असतं. तो क्रम लिहायची सोपी पद्धत म्हणजे लगावली, लघुला ल आणि गुरुला गा. बस.

मला वाटले की तुला आठवावे
जुन्या पायरीशी जरासे बसावे

म-ला-वा, लगागा. ट-ले-की, लगागा. तु-ला-आ, लगागा. ठ-वा-वे, लगागा. चार वेळा लगागा, १२ अक्षरं, याचं नाव भुजंगप्रयात. भुजंग म्हणजे साप, त्याच्या चालीसारखं वळत जाणारं. दुसऱ्या ओळीतल्या "जुन्या" मधला जु लघु कसा ते आता तुम्हाला माहीत आहे. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, ते ज्यांना लहानपणी म्हणायला लावलेत त्यांच्या कानात हे वृत्त आधीच बसलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. त्या चालीवर तुमची ओळ म्हणून बघा, अडखळली की तिथे मात्रा घसरली. तो रिप्लाय मला असा दोन वर्षांनी कळला.

तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांना गण म्हणतात, ते आठ आहेत. लक्षात ठेवायला एक जुनं सूत्र आहे: यमाताराजभानसलगं. जो गण हवा त्या अक्षरापासून तीन अक्षरं उचलायची. य गण हवा तर य-मा-ता, म्हणजे लगागा. र गण हवा तर रा-ज-भा, गालगा. स गण, स-ल-गं, ललगा. हे कोणी बनवलं माहीत नाही पण माणूस हुशार होता. भुजंगप्रयात म्हणजे य य य य. खरं सांगायचं तर गण पाठ नसले तरी चालतं, आजकाल बरेच लिहिणारे थेट लगावलीतच बोलतात आणि मलाही तेच सोपं पडतं, पण जुनी पुस्तकं वाचायची तर गण ओळखता यायला हवेत.

चरणाच्या शेवटचं अक्षर लघु असलं तरी गरज पडली तर गुरु धरतात, कारण थांबताना आपण ते लांबवतोच.

यति हा शब्दही इथेच येतो. लांब वृत्तात मध्ये श्वास घ्यायची जागा ठरलेली असते, ती यति. कालिदासाचं मेघदूत ज्या मंदाक्रांता वृत्तात आहे त्यात १७ अक्षरं असतात आणि थांबे ४, ६ आणि ७ अक्षरांवर. शार्दूलविक्रीडितात १९ अक्षरं, पहिला थांबा १२ वर. यतीच्या जागी शब्द मधूनच तुटला तर त्याला यतिभंग म्हणतात आणि ते ऐकायला असं वाटतं जसं कोणी बोलता बोलता शब्दाच्या मध्येच शिंकलं. नवीन असाल तर या लांब वृत्तांच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका, भुजंगप्रयातात दहा ओळी करा आधी.

पायरी ५: आवाजाचे खेळ

शब्दांच्या आवाजामुळे जी मजा येते ते शब्दालंकार. तेच अक्षर परत परत आलं तर अनुप्रास, "पानापानांत पाऊस पाझरला". हा सगळ्यात सोपा आणि म्हणूनच सगळ्यात जास्त वाया गेलेला अलंकार आहे, सहा प एका ओळीत बसवायच्या नादात अर्थ बाहेर उभा राहतो.

यमक या शब्दाचा घोळ समजून घ्या. आज आपण ओळींच्या शेवटी जुळणाऱ्या आवाजाला यमक म्हणतो, गालात-हातात. जुन्या अलंकारशास्त्रात मात्र यमक म्हणजे तीच अक्षरं परत येणं पण वेगळ्या अर्थाने, "कर माझा धरला खरा, पण कर कोण भरणार?" असं काहीतरी. म्हणून शाळेच्या पुस्तकातली व्याख्या आणि ग्रुपवरचं बोलणं जुळत नाही, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. आणि शब्द एकदाच आला पण दोन अर्थ देऊन गेला तर तो श्लेष: "सरकारचे कर फार लांब असतात".

यमकाबद्दल एक सल्ला, क्रियापदावर क्रियापद जुळवत बसू नका. आला-गेला-झाला-केला हे यमक आहेच, पण ते जुळवायला काही लागत नाही म्हणून ऐकणाऱ्यालाही काही मिळत नाही. वर माझ्या वाटले-बसावे वाल्या ओळींत मीही आठवावे-बसावे असंच केलंय, बघा, सवय लवकर जात नाही.

पायरी ६: एक काटा, सहा अलंकार

अर्थामुळे होतात ते अर्थालंकार. यादी पाठ करण्यापेक्षा एकच गोष्ट घ्या आणि ती फिरवत राहा. मी आठवण आणि काटा घेते.

आठवण काट्यासारखी सलते. ही उपमा. इथे चार भाग असतात: जिच्याबद्दल बोलतोय ती आठवण म्हणजे उपमेय, ज्याच्याशी तुलना केली तो काटा म्हणजे उपमान, दोघांत सारखं काय तर सलणं, तो समान धर्म, आणि "सारखी" हा साधर्म्य दाखवणारा शब्द. सम, जसा, गत, परी हे सगळे याच कामाचे.

ही आठवण म्हणजे जणू रुतलेला काटाच. आता नुसतं सारखं नाही म्हटलं, तेच असावं अशी कल्पना केली. ही उत्प्रेक्षा. जणू, गमे, भासे, वाटे दिसलं की आधी उत्प्रेक्षेचा संशय घ्यायचा.

आठवणीचा काटा रात्रभर निघाला नाही. इथे दोन्ही एकच करून टाकले, जणू बिणू काही नाही. हे रूपक.

ही आठवण नव्हेच, हा काटा आहे. उपमेयाला सरळ नाकारलं, म्हणून अपन्हुती.

काटा निदान काढता तरी येतो, आठवण निघत नाही. उपमेय उपमानाच्या वरचढ, हा व्यतिरेक.

आठवण येते, पायाशी बसते, काही बोलत नाही. निर्जीव गोष्ट माणसासारखी वागायला लागली, ही चेतनगुणोक्ती. अष्टाक्षरीतलं "झाड हसले गालात" पण तेच.

आणि तुलनेला दुसरं काही सापडतच नाही म्हणून ज्याची उपमा त्यालाच दिली, "आईसारखी आईच", तर अनन्वय. बाकी अतिशयोक्ती, विरोधाभास ही नावंच स्वतःचा अर्थ सांगतात, तिथे वेळ घालवत नाही.

हे सहा वाक्यांचं काम तुम्ही दुसरी जोडी घेऊन करा, रस्ता आणि नदी घ्या, किंवा राग आणि विस्तव. एकदा स्वतः केलं की उपमा-उत्प्रेक्षा-रूपक यांत परत कधी कन्फ्यूज होत नाही, आणि दुसरी गोष्ट अशी कळते की सहातलं एखादंच वाक्य कवितेत टिकणारं असतं.

आता दोन शब्द जे शाळेत फारसे येत नाहीत पण कवितेवर बोलताना कायम येतात. प्रतिमा म्हणजे शब्दांनी डोळ्यासमोर किंवा कानात, नाकात, त्वचेवर उभं केलेलं काहीतरी, नुसतं चित्रच असायला पाहिजे असं नाही, ओल्या मातीचा वासही प्रतिमाच. प्रतीक म्हणजे एखादी वस्तू स्वतःपेक्षा मोठ्या कशाच्या तरी जागी उभी राहते ती, जशी अभंगातली कडी. कडी नुसती दाराची असेल तर प्रतिमा, ती न उघडणं म्हणजे स्वतःलाच व्यक्त न करता येणं असं वाटायला लागलं की प्रतीक. दोघांमधली रेघ पक्की नसते, त्यावर तासन् तास वाद चालतात.

पायरी ७: जे लिहिलेलं नाही ते

शब्दाचे तीन अर्थ मानतात. सरळ शब्दकोशातला तो अभिधेने आलेला, वाच्यार्थ. "अख्खं गाव रस्त्यावर आलं" यात गाव कसं चालत येईल, म्हणून गाव म्हणजे गावातली माणसं असा अर्थ घ्यावा लागतो, ही लक्षणा. आणि रात्री उशिरा आलेल्या मुलाला आई "किती वाजले?" विचारते तेव्हा तिला वेळ माहीत असते, घड्याळ समोरच असतं. तिथे जे ऐकू येतं ती व्यंजना. ९व्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने कवितेचा प्राण हाच, याला ध्वनी म्हणावं, असं मांडलं. मला स्वतःला सगळ्या अलंकारांपेक्षा ही एक गोष्ट जास्त उपयोगी पडली, कारण कविता लिहून झाल्यावर मी आता बघते की यातलं मी किती उघड सांगून टाकलंय, आणि बऱ्याचदा शेवटच्या दोन ओळी सरळ कापते.

रस म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात जागं होणारं: शृंगार, वीर, करुण, हास्य, रौद्र, भयानक, बीभत्स, अद्भुत, हे भरताच्या नाट्यशास्त्रातले आठ, शांत नंतर धरला गेला म्हणून नऊ. नावं ओळखा आणि पुढे व्हा.

पायरी ८: गझल, कारण काफिया राहिलाय

गझलेचे शब्द फारसी-उर्दूकडून आलेत म्हणून परके वाटतात, पण यंत्रणा अगदी साधी आहे. मराठीत माधव जूलियन यांनी ती आणली आणि सुरेश भट (१९३२–२००३) यांनी घरोघरी पोचवली. हे बघा:

वाट माझी संपली आता कुठे
सावली ही भेटली आता कुठे

बोलले ना मी कधी जे त्या क्षणी
गोष्ट ती मी ऐकली आता कुठे

दोन ओळींचा एक शेर. शेरातली एक ओळ म्हणजे मिसरा. पहिला शेर, ज्यात दोन्ही ओळींचे शेवट जुळतात, तो मतला. पुढच्या शेरांत फक्त दुसरी ओळ जुळवायची.

शेवटचे शब्द जसेच्या तसे परत येतायत, "आता कुठे", तो रदीफ. त्याच्या आधीचा जुळणारा शब्द, संपली, भेटली, ऐकली, तो काफिया. आणि काफियात जो स्वर बदलता कामा नये तो अलामत: संपली मधला प, भेटली मधला ट, ऐकली मधला क, तिन्हीत ली च्या आधी अ आहे. आता मी तिथे "राहिली" टाकलं तर? ली जुळतं, वजनही जुळतं, पण हि मध्ये इ आला, अलामत मोडली. माझा काफिया ग्रुपवर चुकला होता तो नेमका असाच. रदीफ नसला तरी गझल होते, काफिया नसला तर होत नाही.

वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून जमीन. वरच्या ओळींची लगावली काढा: गालगागा गालगागा गालगा, १९ मात्रा. याच्याच सुरुवातीला आणखी एक गालगागा लावलं की २६ मात्रांचं देवप्रिया वृत्त होतं, मराठी गझलेत ते वारंवार भेटेल. शेवटच्या शेरात कवी आपलं टोपणनाव, म्हणजे तखल्लुस, गुंफतो तेव्हा त्याला मक्ता म्हणतात. कमीत कमी पाच शेर असावेत असा संकेत आहे. आणि प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहिला पाहिजे, एकाचा अर्थ पुढच्यात पूर्ण होत असेल तर ती गझलेच्या आकारातली कविता झाली. हे तांत्रिक चुकांपेक्षा अवघड आहे, माझ्या वरच्या दोन शेरांत दुसरा उभा राहतो, मतला जरा ढकलून उभा केलाय असं माझंच मत आहे.

पायरी ९: उरलेले आकार, भराभर

सुनीत म्हणजे १४ ओळींची कविता, ८ आणि ६ अशी विभागणी बऱ्याचदा असते आणि आठव्या ओळीनंतर विचार वळतो. केशवसुतांनी (१८६६–१९०५) हा प्रकार मराठीत आणला. हायकू मूळ जपानी, तीन ओळी, तिकडे ५-७-५ चा हिशोब, मराठीत शिरीष पै यांनी रुजवला आणि इथे आकड्यापेक्षा एक क्षण टिपण्याला महत्त्व आलं. तीन ओळींत कोणतंही वाक्य तोडलं की हायकू होत नाही, हे मात्र ग्रुपवर कोणी ऐकत नाही.

मुक्तछंदाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की त्यात काही नियमच नाहीत. मराठीत तो कवी अनिल यांनी रुळवला, आणि त्यात ओळींची लांबी मोकळी असली तरी आतून एक लय चालू असते. लयीचं बंधनही सोडलं तर काहीजण त्याला मुक्तछंद न म्हणता छंदमुक्त म्हणतात. मुक्तछंदात सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे ओळ कुठे तोडायची. "मी तुला विसरले नाही" ही एक ओळ, आणि "मी तुला विसरले" वर थांबून "नाही" खालच्या ओळीत ढकललं की मध्ये एक क्षण वेगळीच बातमी कळते.

रोजचा सराव

एकच आवडती कविता घ्या आणि आठवडाभर तीच ठेवा. पहिल्या दिवशी नुसती म्हणा. दुसऱ्या दिवशी अक्षरं मोजा, तिसऱ्या दिवशी मात्रा, जे सारखं येईल त्यावरून छंद की जाती ते कळेल, दोन्ही सारखं आलं तर लगावली काढा, तिथे वृत्त सापडायची शक्यता आहे, काहीच सारखं नाही आलं तर मुक्तछंद समजून ओळी कुठे तुटल्यात ते बघा. मग यमकाखाली रेघ मारा, एक तरी प्रतिमा शोधा, आणि शेवटी त्याच चालीवर स्वतःच्या चार ओळी करा, वाईट झाल्या तरी चालतील, कोणाला दाखवायच्या नाहीयेत.

मोजताना आकडा एखाद्या मात्रेने चुकला तर कवीची चूक काढायच्या आधी ती ओळ परत मोठ्याने म्हणा. दहापैकी नऊ वेळा कुठलं तरी "तुझ्या" नाहीतर "पुन्हा" आपण गुरु धरून बसलेलो असतो.